हाक नसलेले नाव : मोबियसच्या 'आर्झाक'चा परभणीतील एक वाचक

'प्रभाव' हा शब्द मराठी समीक्षेत क्वचितच निर्मळ मनाने उच्चारला जातो. अमुक कवीवर तमुक पाश्चात्त्य कवीचा प्रभाव आहे, हे विधान वर्णनपर आहे की आरोपवजा, हे पुष्कळदा विधान करणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसते. केशवसुतांपासून मर्ढेकरांपर्यंत 'हे कुठून घेतले' असा प्रश्न आधी विचारला गेला आणि 'घेतल्यावर त्याचे काय झाले' हा प्रश्न मागाहून आला. १९८०च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादी मांडणीने या चर्चेची दिशा बदलली. परंतु तिचा हिशेबी स्वभाव पुरता बदलला असे म्हणता येत नाही. एका बाजूला परंपरेची जमा आणि दुसऱ्या बाजूला परदेशाची उसनवारी, अशी वही दोन्ही पक्ष लिहीत राहिले. या वहीत देणारा असतो आणि घेणारा असतो. वाचक मात्र तिच्यात कुठेच नसतो. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात जन्मलेल्या एका वाचकाला ही उणीव फार उशिरा कळली, आणि ती कळण्याला निमित्त झाली एक फ्रेंच चित्रकथामाला.

१९७२च्या दुष्काळात तो सहा-सात वर्षांचा होता. आईवडील दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. वडिलांना अक्षरओळख होती, आईला नव्हती. घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी एवढाच आहार होता. त्या वर्षी पूर्णा जंक्शनवर रेल्वेत खलाशी असलेल्या मामाने प्रवाशांनी डब्यात टाकून दिलेली काही पुस्तके त्याला आणून दिली. त्यांत 'चांदोबा'चे दोन जुने अंक होते आणि मुखपृष्ठ फाटलेली मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स' होती. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४मध्ये सुरू केलेली ही माला १९९०पर्यंत चालली. ली फॉक यांचे वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक तिच्यातून मराठी घरांत आले. मूळ कथांतील 'बेंगाली' हे भारतीय वाटणारे स्थलनाम या मालेत 'डेंकाली' झाले होते, हे त्याला पुढे कळले. त्या वेळी मात्र त्याला वाचताच येत नव्हते. फुग्यांतली अक्षरे त्याच्या दृष्टीने मुंग्यांच्या रांगा होत्या. तो चित्रावरून चित्रावर जात असे आणि मधली कथा स्वतः रचत असे. 'चांदोबा'त चित्रकार शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा विक्रमराजा त्याला दुष्काळी कामावरून परतणाऱ्या माणसांपैकीच एक वाटे. पुढे शाळेत अक्षरे आली, तेव्हा त्याच चित्रांतल्या कथा त्याने रचलेल्या कथांहून फारच निराळ्या निघाल्या. त्या निराळेपणाचे त्याला वाईट वाटले होते, एवढी आठवण त्याच्यापाशी शिल्लक राहिली.

मराठी विषय घेऊन एम.ए. झाल्यानंतर, १९९१ साली, तो काचीगुड्याच्या गाडीने हैदराबादला गेला होता. ॲबिड्सच्या पदपथावर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांखाली त्याला एक मोठ्या आकाराची चित्रकथा सापडली. १९८७ साली अमेरिकेत निघालेली ती 'आर्झाक'ची आवृत्ती होती. चित्रकाराचे नाव मोबियस. इंग्रजी आपल्याला कितपत झेपेल या धास्तीने त्याने पाने उलटली आणि त्याच्या लक्षात आले की, कथेच्या चौकटींमध्ये शब्दच नाहीत. संवादाचा फुगा नाही, निवेदनाची पट्टी नाही. पिसे नसलेल्या, आदिम सरड्याची आठवण करून देणाऱ्या एका पांढुरक्या पक्ष्यावर उंच टोकदार शिरस्त्राण घातलेला एक स्वार बसला आहे आणि ओसाड, अपरिचित भूभागावरून उडत चालला आहे. पहिल्या कथेत त्याला एका इमारतीच्या खिडकीत विवस्त्र स्त्री दिसते. तिच्या आसपास वावरणाऱ्या पुरुषाला तो फास टाकून मारतो. तिच्यापाशी पोचल्यावर तिचा चेहरा दिसतो, तो माणसाचा वाटत नाही. स्वार पुन्हा पक्ष्यावर बसून निघून जातो. हे का घडले, कोणत्या ग्रहावर घडले, स्वाराला काय हवे होते, यांपैकी कशाचाही खुलासा पुढे होत नाही. पदपथावर उभ्या उभ्या त्याने ते पुस्तक दोनदा 'वाचले'. अक्षरे येण्यापूर्वीचे वाचन आपल्याला परत मिळाले आहे, असे त्याला वाटले.

मोबियस हे टोपणनाव. मूळ नाव जाँ जिरो. जन्म ८ मे १९३८, पॅरिसजवळच्या नोझाँ-स्युर-मार्न या गावी. आईवडील विभक्त झाल्यावर आजीआजोबांकडे वाढलेल्या या मुलाने कलाशाळा अर्धवट सोडली आणि १९५५-५६च्या सुमारास तो काही महिने मेक्सिकोत राहून आला. बेल्जियन चित्रकार जिजे यांच्याकडे उमेदवारी करून १९६३पासून त्याने पटकथाकार शार्लिए यांच्यासह 'पिलोत' साप्ताहिकात 'ब्लूबेरी' ही काउबॉयपटांच्या वळणाची माला काढली. तिच्यावर सही असे 'जिर' अशी. 'मोबियस' ही दुसरी सही त्याने त्याच सुमारास 'हाराकिरी' मासिकातील विनोदी चित्रकथांसाठी घेतली आणि मग दहाएक वर्षे बाजूला ठेवून दिली. १९७५ साली फिलिप द्रुईये, जाँ-पिएर दिओने आदींबरोबर त्याने 'मेताल युर्लां', म्हणजे 'किंचाळणारा धातू', हे नियतकालिक सुरू केले. त्यात ही सही परतली आणि तिच्याखाली 'आर्झाक' आले. पुढचा वृत्तान्त बऱ्यापैकी परिचित आहे. 'द लाँग टुमॉरो' या त्याच्या लघुकथेतील उभ्या, कोंदट महानगराची छाया रिडली स्कॉट यांच्या १९८२च्या 'ब्लेड रनर'वर पडली. जपानच्या हायाओ मियाझाकी यांनी 'नाउसिका'च्या संदर्भात 'आर्झाक'चे ऋण मान्य केले. होदोरोव्स्की यांच्यासह केलेली 'इन्काल' ही माला १९८०च्या दशकात जगभर वाचली गेली. १० मार्च २०१२ रोजी पॅरिसमध्ये मोबियसचे निधन झाले.

जिंतूरच्या या वाचकाने १९९२ साली पीएच.डी.साठी एक आराखडा तयार केला. 'अतिवास्तववादी विज्ञान-चित्रकथा आणि प्रभावमीमांसा' असे त्याचे शीर्षक होते. त्यात मोबियसवरील प्रभावांची क्रमवार यादी होती : जिजेंची शाईची रेषा, अमेरिकन काउबॉयपट, मेक्सिकोचे वाळवंट, १९५५-५६, फ्रेंच अनुवादांतून वाचलेल्या अमेरिकन विज्ञानकथा, गुस्ताव्ह दोरे यांच्या खोदचित्रांची आठवण करून देणारी छायारेखांची विणकर, आंद्रे ब्रतोंच्या १९२४च्या जाहीरनाम्यापासूनची अतिवास्तववादी परंपरा, अमेरिकेतील भूमिगत कॉमिक्सची लाट, १९६८नंतरच्या फ्रान्समधील मोकळीक. यादी अभ्यासपूर्ण होती. समितीपुढे ती टिकली नाही. चित्रकथा हे साहित्य नव्हे, असा एक आक्षेप आला. मराठीशी या विषयाचा संबंध काय, असा दुसरा आला. दुसऱ्या आक्षेपाला त्याच्याजवळ खरोखरच उत्तर नव्हते. परभणीचेच बी. रघुनाथ यांच्या कादंबऱ्यांवर काम करावे, असे त्याला सुचवण्यात आले. त्याने ते केले, निष्ठेने केले, पदवी मिळवली आणि जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात अध्यापन स्वीकारले. आराखडा ट्रंकेत गेला.

तो नाकारला जाण्यामागे व्यक्तींचा आकस होता असे मानण्याचे कारण नाही. मराठीत 'विज्ञानकथा' या संज्ञेने जी अपेक्षा निर्माण केली होती, तिच्यात 'आर्झाक'ला जागाच नव्हती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो कुमारांच्या साहसप्रेमाला विज्ञानाची जोड मिळावी म्हणून. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा घेतल्या त्या वैज्ञानिक दृष्टी रुजावी म्हणून. १९७४च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले. 'नारायण विनायक जगताप' या नावाने ती पाठवणारे लेखक जयंत विष्णु नारळीकर होते. आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव त्यांनी आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून वापरले. नारळीकर आणि जिरो यांचा जन्म एकाच वर्षी, १९३८ साली, दोन-सव्वादोन महिन्यांच्या अंतराने झाला, आणि एका वर्षाच्या आत दोघांनीही दुसऱ्या नावाआडून विज्ञानकथेत पाऊल टाकले. योगायोगापलीकडे या साम्याला अर्थ नाही. भेद मात्र अर्थपूर्ण आहे. नारळीकरांच्या कथेत अज्ञात प्रदेशाला नियम असतो, आणि तो नियम वाचकाला कळणे हाच कथेचा आनंद असतो. मोबियसच्या प्रदेशालाही नियम असावेत असे सतत वाटत राहते, पण ते सांगायला कोणी येत नाही. विज्ञान नसलेली ही विज्ञानकथा मराठीच्या कोणत्या कप्प्यात ठेवायची, हा प्रश्न समितीला पडला असेल तर तो अप्रामाणिक म्हणता येणार नाही.

अध्यापनाच्या काळात त्याने आराखड्यातील यादीकडे पुन्हा पाहिले, तेव्हा तिच्यातील दोष त्याला आतून दिसू लागला. यादीतील प्रत्येक नोंद खरी होती, परंतु सर्व नोंदींची बेरीज 'आर्झाक' होत नव्हती. मोबियसची 'हवाबंद गॅरेज' ही दुसरी माला १९७६ ते १९७९ या काळात त्याच नियतकालिकातून क्रमशः येत होती. तिचा पुढचा भाग काय असेल हे चित्रकाराने आधी ठरवलेले नसे. महिन्याला दोन-चार पाने, मागच्या भागाशी पुसट नाते, आणि पडलेल्या पेचातून त्या क्षणी सुचेल ती वाट. कथेला घरासारखे दार-खिडक्यांचे बांधकाम असलेच पाहिजे असे नाही, ती एखाद्या शेताच्या किंवा ज्योतीच्या आकाराचीही असू शकते, अशा आशयाचे त्याने स्वतः लिहूनही ठेवले आहे. अशा कथेत प्रभाव पायाच्या दगडांसारखे मोजता येत नाहीत. त्यातले काही चित्रकाराने आठवणीत वागवलेले असतात, तर काही विसरून मोकळे झालेले असतात. गणिती मोबियसच्या पट्टीला एकच पृष्ठ असते. तिच्यावरून बोट फिरवीत गेले की आतली बाजू कुठे संपली आणि बाहेरची कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. या नावाच्या चित्रकाराच्या बाबतीत आतले आणि बाहेरचे यांची जमाखर्चाची वही निरुपयोगी ठरावी, हे त्याला पटू लागले.

एलियटने १९१९ साली आणि बोर्हेसने १९५१ साली, निरनिराळ्या रीतीने, नव्या कलाकृतीमुळे जुन्यांचा क्रम बदलतो हे दाखवले होते. बोर्हेसच्या मते लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो. या विचाराचा आधार घेऊन १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याने एका चर्चासत्रासाठी निबंध लिहिला. त्यात त्याने 'आर्झाक'चे मराठी पूर्वसूरी शोधले. मुंगीने सूर्य गिळल्याचे सांगणारा मुक्ताबाईचा कूट अभंग त्यात होता. परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडची, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेली जनाबाई होती. तिच्या अभंगांत विठ्ठल जात्याला हात लावतो, शेणी वेचतो, आणि या अशक्य गोष्टीचे कोणाला नवल वाटत नाही. अशक्याचा असा निर्विकार स्वीकार हाच अतिवास्तवाचा गाभा असेल, तर पॅरिसच्या आधी तो गंगाखेडला होता, असा त्याचा युक्तिवाद होता. निबंधाचे स्वागत झाले. समितीच्या जुन्या आक्षेपाला, म्हणजे मराठीशी संबंध काय या प्रश्नाला, अखेर उत्तर मिळाल्यासारखे दिसत होते.

तरीही तो निबंध त्याने छापायला दिला नाही. कारण संहितांजवळ जाऊन पाहिले की साम्य विरघळू लागे. जनाबाईकडे येणारा विठ्ठल तिचे काम हलके करायला येतो. अशक्य घडते ते नात्यामुळे घडते. देवाला तिच्या नावाची, तिच्या कष्टांची, तिच्या एकटेपणाची पुरती ओळख आहे. 'आर्झाक'च्या प्रदेशात कोणी कोणाचे काम हलके करीत नाही. तिथे अशक्य घडते आणि कोणालाच त्याचे नवल वाटत नाही, हे खरे. पण तिथली निर्विकारता विश्वासातून आलेली नसून तिच्यामागे अनोळख आहे. दोन्हींना एकाच संज्ञेखाली आणणे म्हणजे जनाबाईचे दुःखही पुसणे आणि मोबियसचे परकेपणही पुसणे. शिवाय या युक्तिवादात जुनी वही तशीच होती. त्याने केवळ जमा आणि खर्च यांची अदलाबदल केली होती. आपल्याकडे आधी होते, हे वाक्य बोलताना जो सुखद भाव मनात येतो, त्याचे मूळ 'कुठून घेतले' या प्रश्नाच्या अपमानातच असते, हे त्याला उमगले आणि त्याने तो निबंधही ट्रंकेत टाकला.

२०१६च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पुन्हा तीव्र टंचाई होती. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते हेच वर्ष. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, गावाकडचे घर बंद करून त्याच्याकडे परभणीला आलेली. एका दुपारी ट्रंकेतली कागदपत्रे वाळवीसाठी तपासताना त्याने 'आर्झाक' बाहेर काढून ठेवले होते. तिने ते उचलले आणि मांडीवर घेऊन बघायला सुरुवात केली. खिडकीतल्या स्त्रीचे पान आले तेव्हा त्याने संकोचून ते पुढे उलटले. तिने ते शांतपणे मागे उलटवून घेतले आणि पाहून झाल्यावर स्वतःच पुढे गेली. तिला वाचता येत नव्हते, आणि या पुस्तकात त्याने काही बिघडत नव्हते. गेल्या पंचवीस वर्षांत हे पुस्तक त्याने अनेक विद्यार्थ्यांना दाखवले होते. त्या सर्वांनी पहिल्या पानालाच विचारले होते की, यात लिहिलेले काहीच कसे नाही. तिने तसे विचारले नाही.

बराच वेळाने ती म्हणाली, "ह्याचं घर कुठं हाय?"

त्याने सांगितले की, ते कुठे दाखवलेले नाही.

ती आणखी काही पाने पुढे गेली. मग म्हणाली, "ह्याला कोणीच हाक मारना का रे बाबा?"

संवाद नसणे ही गोष्ट त्याने निबंधात 'भाषिक संकेतव्यवस्थेचा त्याग' अशा शब्दांत मांडली होती. स्कॉट मॅक्लाउड यांच्या १९९३च्या ग्रंथातील, दोन चौकटींमधील मोकळी जागा वाचक भरून काढतो हा विचार त्याने वर्गात अनेकदा शिकवला होता. इझरची रिक्तस्थळांची कल्पनाही त्याने तिथे जोडून दिली होती. परंतु शब्द नाहीत म्हणजे या माणसाला कोणी हाक मारीत नाही, असा साधा अन्वय त्याला कधी सुचला नव्हता. आई पुढे बोलत राहिली. खडीच्या कामावर मुकादम नंबर पुकारायचा, नाव घ्यायचा नाही. हजेरीपटावर तिचे नाव दर हप्त्याला निराळे लिहिलेले असायचे. "तुझा बाप वाचून सांगायचा. म्हणायचा, आज तुझं असं नाव लिवलंय. आम्ही हसायचो." एकदा त्या लिहिण्यावरून पगार अडला आणि दुसऱ्या आठवड्यात मिळाला, तेव्हा मात्र हसू आले नव्हते, हेही तिने सांगितले. दुष्काळातल्या खडीविषयी ती त्याच्याशी पहिल्यांदाच एवढे बोलत होती.

'आर्झाक'च्या अभ्यासकांना चांगले ठाऊक असलेली एक गोष्ट या ठिकाणी नोंदवली पाहिजे. या मालेतील कथांची शीर्षके एकसारखी लिहिलेली नाहीत. स्वार तोच, पक्षी तोच. पण प्रत्येक वेळी त्याच्या नावाचे लेखन बदलते. कधी आरंभी 'एच' येतो, कधी शेवटची व्यंजने बदलतात. फ्रेंचमध्ये आरंभीच्या 'एच'चा उच्चार होत नसल्याने ही नावे कानाला जवळजवळ एकच आहेत, डोळ्याला मात्र निराळी. समीक्षेने याचा अर्थ खेळकरपणा असा लावला आहे, आणि नावाच्या स्थैर्याला दिलेला उत्तर-आधुनिक शह असाही लावता येतो. त्याच्या स्वतःच्या टिपणांत दुसरा अर्थ होता. आईने शीर्षके वाचली नव्हती. तिला ती वाचता येणे शक्यही नव्हते. तरी तिने विचारलेल्या प्रश्नाने शीर्षकांचे कोडे तिच्या नकळत सुटत होते. ज्याला कोणी हाक मारीत नाही त्याचे नाव कसेही लिहिले तरी चालते. नावाचे लेखन हाकेमुळे स्थिर होते. कोणीतरी ते उच्चारते, दुसऱ्याकडून दुरुस्त होते, आणि चुकले तर माणूस वळून पाहत नाही. 'आर्झाक'मध्ये शब्द नसणे आणि शीर्षकाचे रूप बदलत राहणे या दोन स्वतंत्र क्लृप्त्या नसून एकाच अवस्थेची ती दोन अंगे आहेत, असे म्हणण्याला संहितेत पुरेसा आधार आहे. ही अवस्था ज्या हजेरीपटामुळे दिसली तो मात्र संहितेत नाही.

हा प्रभाव कोणाचा कोणावर, हा प्रश्न इथे निरर्थक होतो. १९७५ साली पॅरिसमध्ये काढलेल्या चित्रांवर १९७२च्या जिंतूर तालुक्यातील खडी केंद्राचा प्रभाव असणे शक्य नाही, आणि तसा दावा करणे म्हणजे चर्चासत्रातल्या निबंधाचीच पुनरावृत्ती ठरेल. पण खडी केंद्रावर नाव गमावलेल्या बाईने ती चित्रे पाहिली आणि त्यांतील एक गाठ सुटली, हे घडले. प्रभावमीमांसेने देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा विचार केला. वाचकलक्ष्यी समीक्षेने वाचकाला जागा दिली, परंतु तिचा वाचक बहुधा पुस्तके वाचून घडलेला असतो. त्याच्याजवळचे संचित म्हणजे आधीच्या संहिता. दुष्काळ, हजेरीपट आणि मुकादमाने पुकारलेला नंबर हेही वाचनाचे संचित असू शकते, आणि निरक्षर माणूस त्या संचिताच्या बळावर एखादी संहिता अचूक वाचू शकतो, ही शक्यता दोन्ही विचारव्यूहांना हिशेबात घ्यावीशी वाटली नाही. प्रत्येक वाचन असे अचूक असतेच असे नाही. जनाबाईच्या आधारे केलेले वाचनही त्याच्या मातीतूनच आले होते आणि ते फसले होते. फरक इतकाच की, तिथे त्याला काही सिद्ध करायचे होते, आणि आईला काहीही सिद्ध करायचे नव्हते. तिला त्या स्वाराची काळजी वाटली होती.

पुस्तक मिटताना तिने विचारले, "हे काढलं कोणी?"

त्याने सांगितले की, एक फ्रेंच माणूस होता, चार वर्षांपूर्वी वारला.

"त्येच्या गावाकडं बी दुष्काळ पडला होता का?"

नाही, तो म्हणाला. पण सतरा-अठरा वर्षांचा असताना तो वाळवंटात राहून आला होता. त्याची आई दुसरे लग्न करून दूर मेक्सिकोला गेली होती. तिच्याकडे राहायला म्हणून तो शाळा सोडून गेला होता. एवढे मोठे, रिकामे, सपाट असे त्याने आधी काही पाहिले नव्हते, आणि ते तो पुढे जन्मभर काढत राहिला.

"मायला भेटाया गेला होता," ती म्हणाली. "मग बरोबर हाय."

ती उठून आत गेल्यावर त्याने ट्रंकेतून १९९२चा आराखडा काढला. प्रभावांच्या यादीत तिसरी नोंद होती : मेक्सिकोचे वाळवंट, १९५५-५६. तिच्यात आईचा उल्लेख नव्हता.